सभाधीट होण्यासाठी भीती जावी लागत नाही

चार माणसांत रंगून गप्पा मारणारा माणूस चाळीस जणांसमोर उभा राहिला की स्वतःचं नाव सांगतानाही आवंढा गिळतो. माणूस तोच, भाषा तीच, विषयही रोजच्या कामातला. तरी असं का होतं? ‘वक्ता दशसहस्रेषु’, म्हणजे दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, हे वचन आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ‘ते अंगातच असावं लागतं’ असं म्हणून आपण विषय संपवतो. मला हे अजिबात पटत नाही. काहींना उपजत देणगी असते हे खरं. पण आपलं म्हणणं नीट मांडता येणं हे पोहण्यासारखं शिकता येणारं काम आहे. ते शिकताना सर्वांत मोठी अडचण भीतीची नसते. भीती वाटली की आपलं लक्ष विषयावरून उडून स्वतःवर जातं, खरी अडचण ती असते.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. अनेक डोळे आपल्यावर खिळले आहेत, हे मेंदूला धोक्यासारखं वाटतं. अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात मिसळतं, हृदय जोरात धावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. पोटात गोळा येतो तो त्यामुळे. लाळ कमी आणि घट्ट होते, म्हणून तोंडाला कोरड पडते. श्वास उथळ होतो आणि गळ्याचे स्नायू आखडतात, म्हणून आवाज कापतो. यात बिघाड कुठेच नाही. पळायची किंवा झुंजायची वेळ आली तर शरीराने हेच करायला हवं. फक्त इथे पळायचंही नसतं आणि झुंजायचंही नसतं.

लोकांसमोर बोलण्याचा ताण इतका हमखास येतो की ताणाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याचीच चाचणी बनवली. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात माणसाला थोडा वेळ तयारीला देतात, मग परीक्षकांसमोर ५ मिनिटं बोलायला लावतात आणि त्यानंतर १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला सांगतात. परीक्षक हसत नाहीत, मान डोलवत नाहीत. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं लाळेतलं प्रमाण यातून साधारण दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतं. पुढे ताणाच्या अशा शेकडो प्रयोगांचा एकत्र आढावा २००४ मध्ये घेतला गेला, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. ‘लोक आपल्याला जोखत आहेत’ आणि ‘परिस्थिती आपल्या हातात नाही’ या दोन भावना एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त उसळतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. चांगल्या वक्त्यांच्या बहुतेक सवयी यांपैकी एकीची धार कमी करण्यासाठी असतात.

भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर मात्र कधीच बोलता येणार नाही. रोमन वक्ता सिसेरोने वक्तृत्वावर इ.स.पू. ५५ मध्ये लिहिलेल्या संवादात क्रॅसस हा त्या काळचा नामांकित वक्ता सांगतो, की भाषणाच्या सुरुवातीला त्याचा चेहरा पांढरा पडतो आणि अंग थरथरतं. जितका चांगला वक्ता तितकी त्याला धास्ती जास्त, असंही तिथे म्हटलेलं आहे. दोन हजार वर्षांत शरीर बदललेलं नाही. आयुष्यभर व्यासपीठावर वावरलेल्या माणसालाही सुरुवातीची धडधड असते, फक्त ती त्याच्या ओळखीची झालेली असते.

आता मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट. आपले कापणारे हात, घसरलेला आवाज, डोक्यातला गोंधळ हे सगळं समोरच्यांना स्वच्छ दिसतंय असं बोलणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं फार थोडं बाहेर दिसतं. आपल्या मनातली धडधड आपल्या कानात घुमत असते, म्हणून ती सगळ्यांना ऐकू जात असणार असं आपण गृहीत धरतो. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटं भाषण करायचं होतं. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना ‘घाबरणं साहजिक आहे, काळजी करू नका’ असा धीर दिला. आणि काहींना एवढीच माहिती दिली, की तुम्हाला वाटतं तितकी तुमची घबराट इतरांना दिसत नाही. या तिसऱ्या गटाची भाषणं त्यांना स्वतःलाही आणि पाहणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. नुसता धीर दिलेल्यांना तसा फायदा झाला नाही.

असं का झालं असावं हे समजायला अवघड नाही. हात कापतोय हे कळलं की आपण हाताकडे लक्ष देतो. लक्ष हाताकडे गेलं की वाक्याचं टोक सुटतं. टोक सुटलं की भीती वाढते आणि हात आणखी कापतो. ‘हे कुणाला दिसत नाहीये’ एवढं मनापासून पटलं की हाताकडे पाहायचं कारणच उरत नाही आणि लक्ष विषयाकडे परत येतं. वाचून हे पटत नसेल तर फोनवर स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं चित्रित करा आणि लगेच न पाहता दुसऱ्या दिवशी पाहा. आत जे वादळ वाटलं होतं, ते पडद्यावर बहुधा दिसत नाही. दिसतो तो थोडा घाईत बोलणारा, एरवी ठीकठाक माणूस.

‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्याचाही फारसा उपयोग होत नाही. शरीर पूर्ण वेगात असताना त्याला एकदम थांबवणं कठीण असतं. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त प्रभावी ठरली. भीती आणि उत्साह या दोन्हींत छाती धडधडते, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे वळणं त्यातल्या त्यात सोपं. श्वासाचं मात्र मी नक्की सांगेन. बोलायला उठण्याआधी चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. लांब निःश्वासाने हृदयाचा वेग थोडा उतरतो आणि आवाजाला लागणारी हवाही पुरते.

आता तयारीकडे वळू. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. भाषण लिहून काढतात, ते दहा वेळा मनात वाचतात आणि तयारी झाली असं समजतात. मनात वाचताना शब्द समोर कागदावर असतात, ते फक्त ओळखायचे असतात. बोलताना ते आतून काढून, जिभेवर आणून, ओळीने लावायचे असतात. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसऱ्याला तो पुरत नाही. म्हणून तयारी उभं राहून आणि मोठ्याने करायची. पहिली फेरी रडतखडत होते. वाक्यं अर्धवट तुटतात, दोन मुद्द्यांना जोडणारा दुवाच आपल्याकडे नाही हे कळतं. हे सगळं घरी कळलेलं बरं. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत बोलणं आपोआप सरळ होत जातं.

दुसरं टोक म्हणजे शब्दन् शब्द पाठ करणं. हे पहिल्यापेक्षाही धोक्याचं. विन्स्टन चर्चिल तरुणपणी भाषणं पाठ करून करत असत. एप्रिल १९०४ मध्ये ब्रिटिश संसदेत बोलताना अचानक त्यांचा धागा तुटला, पुढचे शब्द आठवेनात आणि त्यांना भाषण अर्धवट सोडून खाली बसावं लागलं. त्यानंतर ते सविस्तर टिपणं हातात घेऊन बोलू लागले. पाठांतरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला टांगलेलं असतं. मधलं एक निसटलं की पुढचं सगळं अडतं. शिवाय पाठ केलेलं आठवायला आपली नजर आत वळते आणि समोरचे लोक दिसेनासे होतात.

मधला रस्ता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि शेवटची एक-दोन वाक्यं पक्की पाठ करा. मधल्या भागासाठी मुद्द्यांचा क्रम डोक्यात बसवा आणि एका छोट्या कार्डावर प्रत्येक मुद्द्याचा एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक फेरीत मुद्दा तोच, पण वाक्यं वेगळी येतील. येऊ द्या. एका ठिकाणी पोचायचे चार रस्ते माहीत असले की एक बंद झाला तरी माणूस अडत नाही. ‘हातात काही नाही’ ही भावना यानेच जाते.

उत्स्फूर्त वाटणारी भाषणंही बहुतेकदा अशाच साठ्यातून येतात. अमेरिकेतले नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणातला ‘माझं एक स्वप्न आहे’ हा प्रसिद्ध भाग त्या दिवशीच्या लिखित मसुद्यात नव्हता. तो त्यांनी ऐन वेळी घेतला. पण त्याच स्वप्नाबद्दल ते दोनच महिन्यांपूर्वी डेट्रॉइटमध्ये बोलले होते. लिहिलेला कागद बाजूला ठेवण्याचं धाडस झालं, कारण जे बोलायचं ते तोंडात रुळलेलं होतं.

तयारी होऊनही भाषण पडतं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते वाचणाऱ्यासाठी रचलेलं असतं. वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा तसं करू शकत नाही. मराठीत तर हे फार जाणवतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘गेल्या वर्षी सुरू झालेल्या आणि अनेक अडचणींतून मार्ग काढत पूर्ण झालेल्या या प्रकल्पातून मिळालेल्या अनुभवांचा थोडक्यात आढावा मी आज आपल्यासमोर सादर करणार आहे.’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्याला शेवटापर्यंत सगळं ओझं डोक्यावर घेऊन थांबावं लागतं. तेच असं म्हणा: ‘हा प्रकल्प आम्ही गेल्या वर्षी सुरू केला. अडचणी खूप आल्या. तरी तो पूर्ण झाला. त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगतो.’ वाक्यं तोडा, क्रियापद लवकर येऊ द्या. लिहिलेलं भाषण मोठ्याने म्हणताना जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडायची जागा आहे असं समजायचं.

आपल्याला विषय माहीत असतो, त्यामुळे समोरच्याला किती कमी कळतंय याचा अंदाज आपल्याला येत नाही. एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल आणि शब्द सुरू असतात, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. म्हणून नवी कल्पना मांडताना आधी उदाहरण द्या आणि मग तत्त्व. मुद्दा बदलला की तसं सांगा: ‘इथवर खर्चाचं बोललो, आता वेळेचं.’ महत्त्वाची गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा. आणि तयारीच्या पहिल्याच दिवशी एक वाक्य लिहून ठेवा: ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला कुणी ‘काय सांगितलं?’ असं विचारलं तर त्याने काय सांगावं? हे वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही. या वाक्याशी ज्याचा संबंध नाही ते कितीही आवडीचं असलं तरी कापायचं. अमेरिकेत गेटिसबर्ग इथे १८६३ मध्ये सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पण समारंभात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, त्यांच्यानंतर अध्यक्ष लिंकन दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकन यांना पत्र लिहून कळवलं, की समारंभाचा गाभा तुम्ही दोन मिनिटांत गाठलात, तितकं जवळ मला दोन तासांत जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

प्रत्यक्ष दिवशी थोडं लवकर जा. जिथून बोलायचं तिथे उभे राहून पाहा, माइक तपासा, आलेल्या दोन-चार जणांशी बोला. यामुळे समोरचा अनोळखी घोळका मोडतो आणि ज्यांच्याशी आत्ताच बोललो अशी दोन-चार माणसं समोर राहतात. भीती सहसा सुरुवातीच्या क्षणांत सर्वांत जास्त असते आणि बोलत गेलं की उतरत जाते, म्हणून पहिलं मिनिट पाठ असणं इतकं मोलाचं. ते ‘मी काही वक्ता नाही’ किंवा ‘फारशी तयारी करायला वेळ मिळाला नाही’ अशा वाक्यांवर घालवू नका. ऐकणाऱ्यांच्या मनात जी शंका नव्हती ती आपणच पेरतो. सरळ विषयाला हात घाला.

नजर लोकांच्या डोक्यांवरून भिंतीवर ठेवा, हा सल्ला सोडून द्या. एक वाक्य एका माणसाकडे पाहून पूर्ण करा, पुढचं वाक्य दुसऱ्याकडे. सभेशी बोलणं अवघड असतं, एका माणसाशी बोलणं तर आपण रोजच करतो. कुणी निर्विकार बसलं असेल तर त्याचा अर्थ लावत बसू नका. मन लावून ऐकणाऱ्यांचे चेहरे पुष्कळदा तसेच कोरे दिसतात. आणि ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘अ‍ॅक्च्युअली’ हे शब्द जास्त यायला लागले, तर मन पुढचा शब्द शोधत असताना तोंड थांबायला तयार नाही असं समजा. तिथे गप्प राहा. आपल्याला ती शांतता युगासारखी वाटते. ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्यात आधीचं वाक्य पचवता येतं.

मध्येच सगळं विसरलं तर? शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा, पाण्याचा घोट घ्या, कार्डाकडे पाहा आणि पुढच्या मुद्द्यावर जा. काय राहून गेलं हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.

हावभावांविषयी थोडक्यात. बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी सगळा आवाज आणि देहबोलीचा, हे वक्तृत्वाच्या वर्गात सर्रास सांगितलं जाणारं वाक्य विसरून जा. हा आकडा ज्यांच्या नावावर सांगतात त्या अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ मधल्या प्रयोगांचा विषय अगदी मर्यादित होता: शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांच्या विरुद्ध असले तर माणूस भावनेचा अंदाज कशावरून बांधतो. भाषणातल्या मजकुराचं महत्त्व त्यांनी मोजलेलंच नव्हतं. हातांना जे करायचं ते करू द्या. सांगण्यासारखं काही असलं की हात आपोआप हलतात.

आता सवयीबद्दल. बोलण्याची वेळ टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेतूनच पुढच्या वेळी टाळायला शिकतो. उलट बाजूने जायचं तर पायऱ्या लहान आणि वारंवार हव्यात: बैठकीत एक प्रश्न विचारणं, मग दोन मिनिटांची माहिती देणं, मग दहा मिनिटं. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या संस्थेच्या क्लबांत हेच चालतं. सदस्य आळीपाळीने बोलतात, एक जण वेळ मोजतो, एक जण अडखळण्याचे शब्द टिपतो आणि एक जण भाषणावर अभिप्राय देतो. जवळ असा गट नसेल तर चार मित्र जमवूनही हे करता येतं.

गांधीजींचं उदाहरण इथे मला फार महत्त्वाचं वाटतं. लंडनमध्ये शिकत असताना ते इतके लाजरे होते, की शाकाहारी मंडळींच्या सभेत स्वतः लिहून नेलेलं मनोगतही त्यांना वाचता येईना, ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. वकील झाल्यावर पहिल्याच खटल्यात उभे राहिले आणि प्रश्न विचारता न आल्याने खाली बसले. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात मात्र त्यांनी तिथल्या भारतीयांची सभा बोलावली आणि व्यापारातल्या सचोटीवर भाषण केलं. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. त्या वेळी विषयाची तयारी होती, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांना ते सांगणं गरजेचं आहे अशी खात्रीही होती. लाजरा स्वभाव एकाएकी गेला नव्हता.

काहींच्या बाबतीत मात्र एवढं पुरत नाही. बोलावं लागेल म्हणून चांगलं काम नाकारावं लागत असेल, आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, दोन माणसांतही तोंड उघडवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सामाजिक चिंतेवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज १९२६ पासून लायनल लोग यांच्याकडे वर्षानुवर्षं असा सराव करत होते. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्या दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतात, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांचाच.

भाषण झाल्यावर ‘कसं झालं?’ असं विचारू नका. ‘छान झालं’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्यातून शिकण्यासारखं काही नसतं. एखाद्या विश्वासाच्या माणसाला दोन प्रश्न विचारा: लक्षात काय राहिलं, आणि लक्ष कुठे उडालं? पहिल्याचं उत्तर तुम्ही तयारीच्या पहिल्या दिवशी लिहिलेल्या वाक्याशी ताडून पाहा. दुसऱ्या उत्तरातली जागा पुढच्या वेळी कापा किंवा तिथे उदाहरण घाला.